आईच्या लुगड्याच्या पदराबाबत

अर्जदार : मी स्वतः. वय पन्नाशीच्या पुढे, धंदा अर्ज, प्रतिज्ञापत्रे व तक्रारी लिहून देणे, राहणार नवघर, भाईंदर पूर्व.

सामनेवाली : माझी थोरली सख्खी बहीण. विधवा, धंदा घरगुती शिवणकाम, राहणार मुर्धा, भाईंदर पश्चिम.

वादाची वस्तू : आमच्या दिवंगत आईच्या जांभळ्या सुती लुगड्याचा पदर.

वादाचा काळ : आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवसापासून आजपर्यंत.

साक्षीदार : एक, माझी पत्नी, जी सुरुवातीपासून फितूर आहे. दोन, माझा धाकटा भाऊ, राहणार पनवेल, जो कोणत्याच बाजूने बोलत नाही. तीन, केबिन रोडवरील एक अनोळखी बाई, जिची साक्ष मी मागितली नव्हती, पण तिने दिली.

नावे मी मुद्दाम गाळली आहेत. भाईंदरमध्ये कागदावर नाव आले की दुसऱ्या दिवशी ते भाजीवालीलाही ठाऊक होते.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले आहे आणि दहावीला बसलो नाही याची कारणे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल मांडून मी जे अर्ज लिहितो, ते वाचताना साहेब लोकही हातातला चहा खाली ठेवतात, असे मला तेथील शिपायाने स्वतः सांगितले आहे. वारसाच्या नोंदी, पाण्याच्या जोडण्या, शेजाऱ्याने जिन्यात ठेवलेल्या चपलांचे कपाट, या सर्व विषयांवर मी लिहिले आहे. या धंद्याने मला एक गोष्ट शिकवली. माणूस खोटे बोलतो तेव्हा तो जास्त बोलतो आणि लपवतो तेव्हा कमी. माझी बहीण वर्षभर फार कमी बोलली. पुढील सर्व हकीकत याच एका निरीक्षणातून निघाली आहे.

आई माझ्याकडे नवघरला होती आणि माझ्याकडेच गेली. तिची लुगडी रीतीप्रमाणे वाटली गेली. शेवटी पेटीच्या तळाशी एक राहिले. जांभळा रंग, लाल रुईफुली काठ आणि पदरावर आडवे पांढरे पट्टे. वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणे उरकल्यावर ताईने ते बाहेर काढले आणि आमच्या बाहेरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरले. मग एकेक भाग उचलून ती खिडकीच्या उजेडाला धरू लागली.

"बाबू, हे बघ. इथून तिथपर्यंत विरलंय. बसून बसून बसकटीचा भाग गेला. नुसतं बोट लावलं तरी फाटेल."

"मग ठेव घडी करून."

"आणि कसर लागू दे? ह्याच्या लहान लहान वस्तू करते मी. पिशवी, अभ्रा, बटवा. सगळ्यांच्या घरात एकेक जाईल. रोज हाताला लागली पाहिजे आई. पेटीत कशाला?"

ती साबणाची पातळ चीप घेऊन कापडावर खुणा करू लागली. हे मी बारकाईने पाहिले, कारण वाटणीच्या कामात खुणा कोण करतो याला महत्त्व असते. दोन्ही टोकांचे धड कापड पिशव्यांना आणि अभ्र्यांना. विरलेल्या भागाची चार पदरी घडी घालून त्याची गरम भांडी उतरवायची फडकी. काठ बाजूला काढून त्याचे बंद. अगदीच जाळी झालेला तुकडा दूध गाळायला. तिला सगळे आधीच ठरलेले होते. कापड थोडे असले की बेतणाऱ्याचे डोके आधी चालते आणि कात्री मागाहून, हे मला मान्य आहे. परंतु ज्याचे डोके आधी चालते त्याच्यावर लक्षही आधी ठेवावे लागते.

मी तेथेच तोंडी अट घातली.

"पदर मला."

"पदर घेऊन काय करणार तू?"

"कागद बांधायला. दप्तराचा रुमाल करून दे."

येथे खुलासा करणे भाग आहे. जुन्या कचेऱ्यांत कागदांचे गठ्ठे चौकोनी कापडात बांधून ठेवत आणि त्या कापडाला रुमाल म्हणत. माझी चेनची बॅग दर पावसाळ्यात दगा देते. पण खरे कारण ते नव्हे. मी टेबल मांडले त्या पहिल्या काही वर्षांत आई दुपारी माझा डबा घेऊन येई आणि स्टुलावर बसून राही. खाडीकडून वारा सुटला की टेबलावरचे कागद उडत. पेपरवेट विकत आणण्याइतका माझ्या धंद्याचा जम तेव्हा बसलेला नव्हता. आई आपला पदर पुढे ओढून कागदांवर टाकी आणि त्यावर कोपर ठेवून बसे. तिला अक्षर वाचता येत नव्हते. रांगेतल्या बायांना मात्र ती सांगे, "ह्याच्याकडूनच लिहून घ्या, ह्याचा कागद परत येत नाही." तो पदर याच लुगड्याचा होता. त्यावर माझा हक्क आहे असे मला वाटत होते आणि आजही वाटते.

ताई म्हणाली, "बघते."

लुगडे माझ्या घरातून गेले. पोच घेतलेली नाही.

त्यानंतर वस्तू येऊ लागल्या. प्रथम माझ्या पत्नीला भाजीची पिशवी आली. तिचे बंद रुईफुली काठाचे होते आणि आतून जुन्या परकराचे अस्तर लावले होते, कारण नुसत्या लुगड्याला कांदे-बटाट्याचे ओझे पेलले नसते. मग एक उशीचा अभ्रा, लुगड्याच्या पूर्ण पन्ह्यात बेतलेला, म्हणजे एका टोकाला एक काठ आणि दुसऱ्या टोकाला दुसरा. मग भावाच्या बायकोला बटवा, नेफ्यातून नाडी ओवलेला. मग भांडी उतरवायची फडकी, मग मला स्वतःला चष्म्याचे घर. सर्व जांभळे. पदराचा एक पांढरा पट्टा कुठे दिसेना.

प्रत्येक वेळी मी फोनवर विचारी आणि प्रत्येक वेळी उत्तर आखूड होत जाई. आधी "पदर शेवटी करणार आहे." मग "होईल रे." मग नुसते "हं."

पत्नीला मी माझा संशय सांगितला. ती तेव्हा त्याच फडक्याने कुकर उतरवत होती.

"अहो, वन्सं काय पदर विकून खाणार आहेत का?"

"जुन्या नऊवारीच्या पिशव्या हल्ली दुकानात टांगलेल्या असतात. तू बघितलं नाहीस? लोक किती हौसेने घेतात?"

"तुम्ही आता आईंच्या पदराला सर्व्हे नंबर पण द्या. तेवढाच राहिलाय."

साक्षीदार फितूर असल्याचा उल्लेख मी वर केलेला आहे.

केबिन रोडचा प्रकार यानंतर घडला. त्याबद्दल नातेवाइकांत वेगवेगळ्या आवृत्त्या फिरत असल्याने खरी हकीकत नोंदवतो. मी झेरॉक्सचा कागद घ्यायला गेलो होतो. समोरच्या दुकानात एक बाई परकराच्या नाड्या निवडत होती आणि तिच्या खांद्याला पिशवी होती. जांभळी, रुईफुली काठ आणि खाली आडवे पांढरे पट्टे. मी शांतपणे जवळ गेलो.

"ताई, ही पिशवी कुठून घेतलीत?"

"का? तुम्हाला काय करायचंय?"

"चौकशी आहे. हे कापड एका वादातलं आहे."

दुकानदाराने मान वर केली. "क्या हुआ अंकल? कुछ लेना है क्या?"

"लेना नहीं है. ये थैली का कपडा हमारे माँ का है."

त्या बाईने पिशवी छातीशी धरली. "तुमच्या आईचं? अहो, हे माझ्या सासूचं लुगडं आहे! मी स्वतः शिवलंय, ही टीप बघा, वाकडी आलीय ती माझीच. असलं लुगडं आमच्या रत्नागिरीत घरटी एक होतं. काय सगळ्यांच्या सासवांचे वारस तुम्ही?"

दुकानातल्या बाया हसल्या. दुकानदार म्हणाला, "जाने दो मॅडम, अंकल वकील हैं." मी वकील नाही, हे मी त्याला तेथेच स्पष्ट केले. टीप खरोखर वाकडी होती. माझ्या बहिणीची टीप वाकडी येत नाही, एवढ्या एका पुराव्यावर मी तो विषय सोडला. परंतु एका ठिकाणी पदर सापडला नाही म्हणजे तो दुसरीकडे नाही असे सिद्ध होत नाही.

म्हणून मी मुर्ध्याला गेलो, न कळवता. आधी कळवून केलेली पाहणी म्हणजे पाहणीच नव्हे.

ताईची खोली गावाच्या तोंडाशी, नव्या इमारतीत तळमजल्यावर आहे. शेजारची म्हातारी दारात सुकी मच्छी निवडत बसली होती. मला बघून ती म्हणाली, "ताय हाय घरात. मशिनीवर हाय." आत मशीन थांबले. मी येतोय हे ताईला माझ्या आधी कळले, याची मी नोंद घेतली.

तिने चहा ठेवला. मशीनच्या शेजारी कोणाच्या तरी ब्लाऊजांचा ढीग होता. खुंटीला आमच्या लुगड्याच्या कातरणांची पिशवी टांगली होती. एक बोट रुंदीच्या पट्ट्यासुद्धा तिने फेकल्या नव्हत्या. मी पिशवीत डोकावलो. सर्व जांभळे.

"काय शोधतोयस बाबू?"

"पदर कुठे आहे?"

"आहे."

"शिवला का?"

"नाही."

"वर्ष होत आलं. बाकी सगळं शिवून झालं आणि पदर नाही?"

तिने गाळणीतून चहा ओतला. "कात्री लावली नाही अजून. लावेन तेव्हा लावेन."

"मग दाखव."

तिने चहाचा कप माझ्यासमोर ठेवला, पण माझ्याकडे पाहिले नाही.

"काय दाखव?"

"पदर. आहे म्हणतेस ना? मग कपाटातून काढ आणि दाखव. विषय संपला."

"जप्ती करायला आलायस माझ्या घरात?"

"तसं नाही. नुसतं बघायचंय."

"नाही दाखवणार." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपे गेले असते. "गावच्या घरावरचा हक्क सोडला मी, तेव्हा तू टेबलावर कागद ठेवलास आणि बोट दाखवलंस. मी तिथे सही केली. तुला म्हटलं का मी, वाचून दाखव? म्हटलं का, घर आहे का नाही ते आधी दाखव?"

"ते हक्कसोडपत्र रीतसर झालं होतं ताई. सगळ्याच बहिणी करतात."

"हो ना. रीतसर. चहा घे, निवतोय."

चहा मी घेतला. बाहेर पडताना ती दारापर्यंत आली नाही. पूर्वी ती रस्त्यापर्यंत यायची आणि रिक्षावाल्याला "नीट ने रे, माझा भाऊ आहे" असे बजावायची. त्या दिवशी मी एकटाच रिक्षात बसलो. माझ्या मनात तेव्हा एवढेच आले की, पदर असता तर तो दाखवायला एक मिनिट लागले असते. ज्याअर्थी तिने दाखवला नाही, त्याअर्थी तो नाही.

मी नोटीस लिहिली.

त्या नोटिशीबद्दल मला आजवर बरेच बोल लावण्यात आले आहेत, म्हणून तिच्यामागील विचार मांडतो. नोटीस समोरच्याला बोलायला बसवण्यासाठी असते. प्रत्यक्ष वाटणी कोणालाच नको असते. मी जमिनीच्या कितीतरी नोटिसा लिहिल्या आहेत. कागद पोचला की दोन दिवसांत पक्षकार धावत येतात, शिव्या देतात, चहा पितात आणि मग समझोता होतो. म्हणून नोटिशीत मागणी कायद्यात बसेल अशी आणि पूर्ण करायला अवघड अशी लिहायची असते. पदर मला अख्खा हवा होता. पण वारस आम्ही तिघे, त्यामुळे अख्ख्याची मागणी कागदावर टिकली नसती. मी नेहमीचाच मसुदा वापरला : "सबब, सदर वस्तूचे सरस-निरस मानाने समान हिस्से करून ज्याचा त्याचा हिस्सा ज्याच्या त्याच्या ताब्यात द्यावा, कसूर केल्यास होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल." प्रती दोन, पाठवण्याची पद्धत पोचपावतीचे टपाल. मसुद्यात एकही दोष नव्हता.

पत्नीला पाठवल्यानंतर सांगितले. ती भाकरी थापत होती. तिने हात धुतले, गॅस बंद केला आणि म्हणाली, "पोस्टमनसमोर सही करायला लावलीत तुम्ही त्यांना? त्या म्हातारीसमोर? अख्खा मुर्धा विचारत असेल, कोर्टाचा कागद कशाला आला म्हणून."

"कोर्टाचा नाही. साधी नोटीस आहे."

"तिथे कोण वाचून बघणार आहे साधी का मोठी?"

मी ताईच्या येण्याची वाट पाहू लागलो. ती चिडून येईल, दारातूनच "बाबू, अक्कल गहाण ठेवलीस का?" म्हणेल, पदर माझ्या अंगावर फेकेल, असा माझा अंदाज होता. त्यासाठी मी उत्तरेही तयार ठेवली होती. ती आली नाही. फोनही आला नाही. आले ते पार्सल आणि तेही पोचपावतीच्या टपालाने. पोस्टमनसमोर मला सही करावी लागली.

आत दप्तराचा रुमाल होता. लाल काठ, पांढरे पट्टे, पदरच. कडा हाताने दुमडून शिवलेल्या, चारी कोपऱ्यांना त्याच कापडाच्या नाड्या. सोबत चिठ्ठी नव्हती. टाके इतके बारीक आणि सारखे होते की, ते रागाच्या भरात घातले असतील असे मला वाटेना, आणि नेमके हेच मला अधिक संशयास्पद वाटले. रागावलेल्या माणसाचे काय करायचे ते मला कळते. शांतपणे आज्ञा पाळणाऱ्याचे काय करायचे, याचा मसुदा माझ्याकडे नाही.

म्हणजे पदर तिच्याकडेच होता. अख्खा होता. विकलेला नव्हता, दिलेला नव्हता. कात्री लावली नाही म्हणाली ते खरे होते. माझा कागद पोचल्यावर तिने ती लावली.

रुमाल माझ्या दप्तराला पुरला नाही. कागद मधोमध ठेवून मी कोपरे ओढले, तर समोरासमोरच्या नाड्या एकमेकींपर्यंत पोचेनात. थोडे कागद काढले, तरी पोचेनात. पत्नी बघत उभी होती.

"लहान का आहे हो एवढा?"

"तिसरा हिस्सा आहे. नोटिशीप्रमाणे."

"घ्या मग. बांधा आता तिसऱ्या हिश्शात."

दिवाळी आली. ताई दर भाऊबीजेला आमच्याकडे येते. रीत भावाने बहिणीकडे जाण्याची आहे, पण आई माझ्याकडे असल्याने तिचे माहेर नवघरला होते आणि आई गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षीही तिने तो पायंडा मोडला नव्हता. या वर्षी तिने माझ्या पत्नीच्या मोबाईलवर निरोप धाडला, "कंबर धरलीय, येत नाही." कंबर धरलेली बाई सणाच्या ब्लाऊजांची कामे कशी उरकते, हा प्रश्न मी विचारला.

भाऊ मात्र पनवेलहून आला. त्यालाही पार्सल गेले होते. तो आपल्या रुमालात जेवणाचा डबा बांधतो, त्यामुळे त्याच्या तुकड्याला लोणच्याचा वास येत होता. डबा त्यात व्यवस्थित बसतो असे त्याने सांगितले. मला ते ऐकून बरे वाटले नाही. माझे कागद बसत नाहीत आणि त्याचा डबा बसतो, याचा अर्थ त्याला मोठा हिस्सा गेला असावा.

"आण इकडे. मोजतो."

"दादा, सणासुदीला काय मोजतोस? मला नको ओढू ह्यात."

मी दोन्ही तुकडे जमिनीवर शेजारी शेजारी पसरले. लांबी सारखी, रुंदी सारखी. त्याला जास्त गेलेले नव्हते. माझ्या तुकड्याला डाव्या अंगाला लाल काठ होता आणि त्याच्या तुकड्याला उजव्या अंगाला. मधल्या दोन्ही कडांना काठ नव्हता, तेथे कात्री चाललेली होती. आता मधला तिसरा हिस्सा किती रुंद असावा, हे काढण्यासाठी मला लुगड्याचा पूर्ण पन्हा हवा होता. मी आतून तो उशीचा अभ्रा आणला, जो एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पूर्ण पन्ह्यात बेतलेला होता, आणि दोन्ही तुकड्यांच्या वरच्या बाजूला ठेवला.

माझ्या तुकड्याचा काठ अभ्र्याच्या एका काठाला लागला. भावाच्या तुकड्याचा काठ दुसऱ्याला. मध्ये अंतर उरले ते जेमतेम बोटभर, जेवढे कापड कडा दुमडायला आत जाते तेवढेच.

मी पुन्हा ठेवून पाहिले. अभ्रा उलटा करून पाहिले. भाऊ गुडघ्यांवर हात टेकून वाकला.

"मग ताईचा कुठाय?"

पत्नी दारात उभी होती. ती म्हणाली, "घेतलाच नाही त्यांनी. दोघांना दोन करून दिले."

माझा पहिला विचार असा होता की, यात काही तरी खोच आहे. माणूस स्वतःचा हिस्सा घेत नाही तेव्हा त्याचा हेतू तपासावा लागतो. मी तिथेच फोन लावला. तिने उचलला.

"ताई, तुझा हिस्सा कुठे आहे?"

"कसला?"

"पदराचा. नोटिशीत वारस तीन लिहिलेत. तू दोनच केलेस."

"तीन करून काय झालं असतं? तुझा डावा हातसुद्धा बांधला गेला नसता त्यात. तुझं तुला मिळालं ना?"

"मिळालं, पण हे नियमात बसत नाही."

"मग तू बसव. तुला येतं ते." मग ती म्हणाली, "ठेवते. दूध उतू जातंय."

ती संध्याकाळी दूध तापवत नाही. तिच्याकडे दूध सकाळी येते. हे मला पक्के माहीत आहे.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला आणि माझा सध्याचा संशय पुढीलप्रमाणे आहे. सामनेवालीने हिस्सा न घेण्यामागे उदारपणा नाही. वाटणीत जो हिस्सा घेतो तो घरचा राहतो. भांडतो, मोजतो, पण घरचा राहतो. जो काहीच घेत नाही, त्याला पुन्हा त्या दारात येण्याचे कारण उरत नाही. तिने पदर बारीक टाक्यांनी शिवून, आमचे आम्हाला पोचते करून, आपले येणे बंद केले आहे. माझ्याच कागदाचा आधार घेऊन केले आहे, त्यामुळे मला हरकतही घेता येऊ नये, असा तिचा बेत दिसतो. मी मात्र हरकत घेत आहे.

भाऊ जाताना आपला तुकडा ठेवून गेला. "डब्याला मला पिशवी चालते," असे म्हणाला. त्याने प्रथमच एक बाजू घेतली. पत्नीने तो तुकडा धुऊन वाळवला. दोन्ही तुकडे तिच्या मांडीवर होते तेव्हा ती म्हणाली, "सासूबाई दांड घालायच्या. लुगडं मधे विरलं की तेवढं कापून टाकायचं आणि धड टोकं एकमेकांना जोडायची. चपटी शिवण, अंगाला टोचत नाही. हेही जोडता येईल."

"मग जोड."

"मला नाही येत. तशी शिवण वन्संनाच येते."

मी त्या दिवसापासून टेबलावर नेहमीची बॅग नेतो. तिची चेन लागत नाही.

सबब, या लेखाने सामनेवालीस नम्र विनंती करण्यात येते की,

तिने समान हिश्शांची मागणी पूर्ण केलेली नसून स्वतःचा हिस्सा वगळला आहे, ही कसूर तिने दूर करावी. त्यासाठी नवघर येथे समक्ष यावे. पदराचे दोन्ही तुकडे माझ्या ताब्यात, स्वच्छ व घडी घातलेल्या स्थितीत आहेत. ते जोडून एक करावेत, की आणखी कापून तीन करावेत, की अख्खे तिने आपल्याकडे न्यावेत, हे तिने एकटीने ठरवावे. अर्जदार कोणत्याही निर्णयास आव्हान देणार नाही, आणि पदर नेल्यास तो दाखवण्याची मागणी यापुढे कधीही करणार नाही.

कंबर खरोखर धरली असल्यास तसे कळवावे, म्हणजे अर्जदार सपत्नीक मुर्ध्यास येईल व येण्यापूर्वी फोन करील.

या विनंतीचे उत्तर मिळावे. उत्तर लेखी असण्याची अट नाही. दाराची कडी वाजली तरी ती रीतसर पोच समजण्यात येईल.

अर्जदार,
सामनेवालीचा धाकटा भाऊ